कमरेचा हार्नेस: आठ महिन्यांनंतर

बेटावरच्या सुट्टीत काइटसर्फिंग, म्हणजे मोठ्या पतंगाच्या (काइटच्या) ओढीने पाण्यावर बोर्डवर उभं राहून सरकत जायचा खेळ, शिकले तेव्हा शिकवणाऱ्याने मला सीट हार्नेस दिला होता, काइटची ओढ अंगावर घेणारा, मांड्यांमधून पट्टे जाणारा. फोटोत लंगोट कसल्यासारखी दिसत होते. म्हणून परतल्यावर हौसेने कमरेचा घेतला.

पहिले दोन महिने नुसता पश्चात्ताप. पाण्यात उतरून दहा मिनिटं होत नाहीत तोच हार्नेस सरकत काखेत, आणि समोरचा स्टीलचा हूक थेट बरगड्यांवर. रात्री कूस बदलताना जीव जायचा. पट्टे कितीही आवळा, फरक शून्य.

मग कळलं, निम्मा दोष माझा. नवशिका माणूस भीतीपोटी काइट सतत डोक्यावर, घड्याळातल्या बारावर धरून ठेवतो. तिथून ओढ सरळ वर. हार्नेस वर नाही जाणार तर काय होणार! 15-18 नॉटच्या (ताशी साधारण 28-33 किमी) वाऱ्यात 12 चौरस मीटरचा काइट दहावर किंवा दोनवर खाली धरून बोर्ड चालवायला जमला, तशी ओढ बाजूने येऊ लागली आणि हाच हार्नेस कमरेला चिकटून बसला. आता दोन तासांनीही पाठ दुखत नाही. सीटवाल्यात मला एवढं वळता येत नव्हतं. तरी ज्यांचा अजून बोर्डवर तोल सावरत नाही त्यांनी सीट हार्नेसच भाड्याने घ्यावा. फोटो गेले खड्ड्यात.

मापाचं सांगते. कोरडा असताना अगदी बरोबर वाटलेला माझा हार्नेस भिजल्यावर सैल पडला. घट्ट वाटेल असाच घ्या, आणि घेण्याआधी हुकाला दोर अडकवून त्यात लटकून बघा. लोक हसतात, हसू देत.

एक तक्रार मात्र गंभीर. हार्नेसला लावलेल्या सेफ्टी लीशच्या (काइटला जोडून ठेवणाऱ्या दोरीच्या) क्विक रिलीजमध्ये, म्हणजे ती झटक्यात सोडायच्या कळीत, वाळू शिरली आणि एकदा ती ओढूनही सुटेना. नशीब, किनाऱ्यावर उभी राहून सराव करत होते. पाण्यात दोऱ्या गुंतल्या असत्या तर? तेव्हापासून प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने धुते, सावलीत वाळवते आणि उतरण्याआधी एकदा सोडून बघते.

शिवण अजून शाबूत आहे, रंग उन्हाने विटलाय. दोरी कापायची खिशातली सुरी मी आठ महिन्यांत एकदाही काढली नव्हती. परवा काढली, तर पात्यावर हा गंज! नवीन घेतलीय.