सहावी-सातवीच्या वर्गात ऑडिओबुक: जूनपासूनच्या वापरानंतर

अवांतर वाचनाच्या तासाला ऑडिओबुक लावलं तर मुलं वाचायचंच सोडतील, ही भीती बऱ्याच शिक्षकांना वाटते. पुण्यात मराठी आणि सेमी-इंग्रजी माध्यमाच्या सहावी-सातवीला जूनपासून वापरल्यावर माझं मत पक्कं झालंय. हातात छापील प्रत असेल तर वाचन सुटत नाही. उलट, अडखळत वाचणारी मुलं शेवटच्या पानापर्यंत पोचतात. प्रत नसेल तर मात्र पाच मिनिटांत अर्धा वर्ग खिडकीबाहेर बघायला लागतो. तिघांत एक प्रत चालते. चौघांत चालत नाही, कडेच्या मुलाला ओळच दिसत नाही.

सगळ्यात मोठा फायदा उच्चारांचा. 'चार' आणि 'चारा' यांतला च वेगळा, पण लिहायला अक्षर एकच. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जगत राहा, हा फरकही लिपी दाखवत नाही. ज्यांच्या घरी हिंदी, कन्नड किंवा तेलुगू बोलतात, अशी मुलं आपल्या वर्गांत भरपूर आहेत. त्यांना हे नुसत्या मूक वाचनातून कळणं शक्यच नाही. चांगल्या निवेदकाच्या आवाजाबरोबर ओळीवर बोट फिरवलं की काही आठवड्यांत प्रकट वाचनात फरक ऐकू येतो. स्वल्पविरामाला थांबणं, संवादात सूर बदलणं हेही त्यातच येतं.

३५ मिनिटांच्या तासिकेत ऐकणं १२ मिनिटांपुरतंच ठेवा. आधी तीनेक मिनिटं मागचा धागा आणि फळ्यावर चार-पाच अवघड शब्द, ऐकून झाल्यावर दहा मिनिटं पुढच्या पानांचं मूक वाचन, उरलेला वेळ गप्पांना. संपूर्ण तास ऐकवला तर मूक वाचनाचाच बळी जातो. आदल्या दिवशी भाग स्वतः ऐकून आपल्या प्रतीत प्रत्येक पानाच्या समासात मिनिट-सेकंद पेन्सिलीने लिहून ठेवा. मध्ये थांबलात तर पुन्हा जागा शोधण्यात वेळ जात नाही. निवेदक भरभर वाचत असेल तर वेग ०.९ करा. ०.८ च्या खाली स्वर ताणले जातात आणि मुलं हसायला लागतात.

प्रती मागवण्याआधी एक गोष्ट तपासाच: ध्वनिमुद्रण संक्षिप्त तर नाही ना? पहिलं प्रकरण आणि मधलं एखादं प्रकरण पुस्तक समोर धरून ऐका. दोन ओळी गळल्या तरी मागे पडलेलं मूल पान हरवतं आणि तिथून त्याचा तास संपतो. पार्श्वसंगीत आणि पाच-सहा आवाज असलेली नाट्यरूपं घरी छान वाटतात, वर्गात नाही. संगीताखाली शब्द बुडतात. एकच निवेदक निवडा.

आवाजाचं गणित पंख्यांवर ठरतं. चार पंखे आणि ४५ चा पट असेल तर ५ वॅटचा छोटा स्पीकर कमी पडतो. तो पूर्ण वाढवला की स, श फाटतात. २० वॅटचा घ्या. कोपऱ्यात ठेवू नका, तिथे घुमतो. वर्गाच्या मध्यावर उंच स्टुलावर, बसलेल्या मुलांच्या कानांच्या थोडा वर ठेवा. फाइल घरूनच डाउनलोड करून आणा, फोन विमान मोडवर टाका आणि मग ब्लूटूथ सुरू करा, म्हणजे मध्येच कुणाचा फोन येणार नाही. पत्र्याच्या छपरावर जुलैचा पाऊस सुरू झाला की स्पीकर बंद करून मूक वाचनच घ्यावं.

पुस्तकांबद्दल. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे या वयाला अजूनही चपखल बसतो: संवाद भरपूर, वेग आहे, आणि त्याचा नायक, हडपसरजवळच्या फुरसुंगीचा बन्या, तिकडच्या मुलांना परका वाटत नाही. एका तासात संपणारं हवं असेल तर बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत आहेत. त्यांतल्या गोष्टी शिक्षकांनीच वाचून दाखवाव्यात. ॲपची वर्गणी घेताना अटी वाचा, ती बहुधा वैयक्तिक वापरापुरती असते. शाळेसाठी आधी लेखी विचारून घ्या आणि फाइली पालकांच्या गटावर टाकू नका.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते मुलांनी स्वतः केलेलं ध्वनिमुद्रण. त्यासाठी 'श्यामची आई' उत्तम. साने गुरुजींचं निधन १९५० चं, त्यामुळे ६० वर्षांची स्वामित्व हक्काची मुदत २०१० च्या अखेरीस संपली आहे. पुस्तक रात्रींमध्ये विभागलेलं असल्याने वाटून देणंही सोपं. अडखळणाऱ्या मुलांनाच आधी निवडा. पाच मिनिटांच्या भागासाठी ती आपणहून चार-चार वेळा तालीम करतात, जी गृहपाठ म्हणून कुणी करत नाही. ग्रंथालयात, पुस्तकांच्या कपाटांमध्ये, पंखा बंद करून मुद्रण करा. भिंतींवर काहीच नसलेल्या वर्गात आवाज पोकळ येतो. फोन तोंडापासून वीतभर अंतरावर, जरा बाजूला धरा, नाहीतर प, फ, भ च्या फुंकरी माइकवर आदळतात. चुकलं तर सगळं पुसू नका. वाक्य पहिल्यापासून पुन्हा म्हणायला सांगा, चुकलेला तुकडा नंतर कापता येतो. फाइलच्या नावात रात्रीचा क्रमांक आणि वापरलेल्या आवृत्तीचं पान लिहा, म्हणजे पुढच्या वर्षीच्या सहावीला तीच फाइल प्रतीसोबत लगेच लावता येते.