आठ महिने, एक झेरॉक्स मशीन आणि बोटभर रबर

गेल्या आठवड्यात आमच्या कार्यालयातील झेरॉक्स मशीन 'कागद अडकला' असे दाखवून पुन्हा थांबले आणि सर्व्हिसला आलेल्या गृहस्थांनी झाकणही नीट न उघडता फ्यूजर (टोनर, म्हणजे शाईची पूड, उष्णतेने कागदावर पक्की करणारा भाग) बदलण्याचे १४,००० रुपयांचे कोटेशन हातात दिले, म्हणून हे लिहीत आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आणि प्रतींची संख्या एवढी वाढली की बाहेरून झेरॉक्स काढणे आम्हा वकिलांना परवडेना, तेव्हा हे जुने, दुरुस्त केलेले मशीन घेतले. छपाईबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती ट्रेमधून कागद उचलणाऱ्या रबरी रोलरबद्दल.

सप्टेंबरमध्ये कागद अडकू लागले, तेव्हा मी दोष आमच्या पावसाला दिला. दमट कागद वाकतो, एकमेकांना चिकटतो, हे खरेच आहे. रिम प्लास्टिकच्या डब्यात ठेवू लागल्यावर त्रास कमीही झाला. परंतु दिवाळीनंतर हवा कोरडी होऊनही तो वाढतच गेला, तेव्हा माझे मत बदलावे लागले.

फ्यूजरवरचा आरोप मला पटला नाही, कारण अडकलेला प्रत्येक कागद ट्रेच्या तोंडाशीच, कोरा आणि थंड सापडत होता. गरम फ्यूजरपर्यंत तो पोहोचलाच नव्हता. खात्रीसाठी बाजूच्या बायपास ट्रेमधून शंभर कागद घातले. त्या ट्रेचा रोलर वेगळा, फ्यूजर मात्र तोच. एकही कागद अडकला नाही. मग मुख्य ट्रेचा रोलर ओल्या फडक्याने पुसला, तर फडके कागदाच्या भुकटीने पांढरे झाले आणि मशीन दोन दिवस बिनतक्रार चालले. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच, कारण रबर काचेसारखे गुळगुळीत झाले होते. राजारामपुरीतून ६५० रुपयांचा रोलरसंच आणून बसवला; त्यानंतर आजवर कागद अडकलेला नाही.

त्या गृहस्थांवर अन्याय नको. जानेवारीत दर ९४ मिलिमीटरवर काळा ठिपका येत होता, तेव्हा त्यांनी ड्रमकडे, म्हणजे ज्यावरून टोनरची प्रतिमा कागदावर उतरते त्या फिरत्या नळकांड्याकडे, बोट दाखवले आणि मी वाद घातला होता. आमचा ड्रम ३० मिलिमीटर व्यासाचा आहे. ड्रमवरचा डाग त्याच्या प्रत्येक फेरीला, म्हणजे परिघाएवढ्या अंतरावर, पुन्हा उमटतो; फूटपट्टी लावून हिशेब केल्यावर परीघ सुमारे ९४ मिलिमीटरच भरला आणि ते बरोबर ठरले.

राहिला एएमसीचा, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचा, प्रश्न. रोलरचे ६५० रुपये परत मागायला करार काढला, तेव्हा 'रबरी भाग वगळून' हे शब्द दिसले. त्याखाली सही माझीच आहे.