‘आत्ता पुसू नका’ म्हणणाऱ्याचं वन-स्टेप पॉलिश घेऊ नका, माझे 66,095 रुपये गेले

पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला माझं कार डिटेलिंगचं, म्हणजे गाड्या धुऊन-पॉलिश करून चमकवायचं, छोटं दुकान आहे. मी आणि हाताखाली दोन मुलं. सहा वर्षं या धंद्यात आहे, म्हणून लिहायची लाज वाटतेय. पण मला नकली पॉलिश विकून गेलेला तो माणूस अजून दुकानं फिरतोय. परवाच नऱ्ह्याच्या एका मित्राने फोन केला, ‘अरे, निळ्या झाकणाचा कॅन घेऊन एक जण आलाय, डेमो भारी देतोय.’ म्हणून लिहितोय.

वन-स्टेप पॉलिश मला का हवं होतं ते आधी सांगतो. पूर्ण पेंट करेक्शन, म्हणजे रंगावरच्या रेघा काढायचं काम, यात आधी कंपाउंड (जास्त कापणारी पेस्ट), मग पॉलिश, मग वॅक्स किंवा कोटिंग. दीड दिवस जातो, मी 7,500 घेतो. आपल्याकडे दहातले आठ गिऱ्हाईक हा आकडा ऐकून वळतात. त्यांचा प्रश्न साधा असतो. सोसायटीत गाडी पुसणारा एकाच बादलीत, एकाच फडक्याने वीस गाड्या पुसतो. वर टँकरचं जड पाणी. दोन वर्षांत काळ्या-लाल गाडीवर उन्हात बारीक रेघांचं कोळ्याचं जाळं दिसायला लागतं. त्यांना ते शंभर टक्के घालवायचं नसतंच. तीन तासांत गाडी उजळली, दोन हजारात काम झालं, की ते खूश. वन-स्टेप म्हणजे घासणं आणि वॅक्स एकाच पॉलिशमध्ये. चांगल्या वन-स्टेपने एका हातात निम्म्याहून जास्त स्वर्ल, म्हणजे त्या जाळ्याच्या रेघा, जातात, खोल ओरखडे राहतात, आणि हे गिऱ्हाइकाला आधी सांगितलं तर यात काहीच खोटं नाही. ही सर्व्हिस वाईट नाही, हे मी आजही म्हणतो.

दसऱ्याच्या तीन आठवडे आधी तो आला. शर्ट इन केलेला, बोलायला गोड, ‘दादा, दादा’ करत. खंडेनवमीला गाड्यांची रांग लागते हे त्याला बरोबर माहीत होतं. दुकानात एक काळी सेडान धुवून उभी होती. बोनेटला मधोमध टेप लावली, एका बाजूला डीए पॉलिशिंग मशीनने चार मिनिटं पॉलिश फिरवलं, मायक्रोफायबरने पुसलं आणि टेप काढली. टॉर्च मारला तर डावीकडे जाळं, उजवीकडे आरसा.

मी आयपीएची, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलची, बाटली उचलली. पॉलिश झालं की अर्धं आयपीए अर्धं पाणी मारून पुसायचं, म्हणजे तेल निघून जातं आणि रेघ खरंच गेली की नुसती बुजली ते कळतं. मी हे दिवसातून चार वेळा करतो. माझ्या मुलांना पहिल्या आठवड्यात हेच शिकवतो. बाटली माझ्या हातात होती, बोट ट्रिगरवर होतं.

तो म्हणाला, ‘दादा, आत्ता पुसू नका. यात सीलंट (रंगावर बसणारा संरक्षक थर) आहे, 12 तास सेट होऊ द्या. आत्ता पुसलंत तर प्रोटेक्शन जाईल.’

आणि मी बाटली खाली ठेवली. हा क्षण मला झोपू देत नाही. फक्त पुसायचं होतं, दहा सेकंदांचं काम. कोणी म्हणेल, एवढं कळत नव्हतं का? कळत होतं. पण खऱ्या वन-स्टेपमध्ये सीलंट किंवा वॅक्स खरंच असतं, त्यामुळे त्याचं वाक्य अर्धं बरोबर होतं. पूर्ण खोटं बोलला असता तर मी तिथेच हाकलला असता. पॅडवर घासल्याची घाण अजिबात नव्हती, पॅनलवर धूळ नव्हती, हेही दिसलं होतं. तो ‘डस्टलेस फॉर्म्युला’ म्हणाला, मी मान डोलावली. दोन बोटांत चोळूनही पाहिलं, खरखर लागली नाही. पण त्याने काहीच सिद्ध होत नाही, हल्लीच्या चांगल्या पॉलिशचे कणही बोटाला लागत नाहीत.

हिशोब असा. 5 लिटरचे चार कॅन, 6,800 प्रमाणे 27,200. मशीन 14,500. पॅड 24, 350 प्रमाणे 8,400. ‘ट्रेनिंग आणि सर्टिफिकेट’ 5,000. एकूण 55,100. यातले 20,000 त्याच दिवशी यूपीआयने, उरलेले 35,100 माल आल्यावर. पैसे कंपनीच्या नावावर नाही, एका बाईच्या नावावर गेले. ‘मिसेसचं खातं आहे दादा, कंपनीचं लिमिट संपलंय.’ इथे थांबा. जिथे बिलावर एक नाव आणि यूपीआयवर दुसरं नाव दिसेल, तिथे पिन टाकू नका.

पोस्टर लावलं, हॅचबॅक 1,999, मोठी गाडी 2,499. दसऱ्यापर्यंत 11 गाड्या केल्या. सात लहान, चार मोठ्या, 23,989 रुपये आले. दसऱ्याला लोकांनी हार घालून फोटो पाठवले.

मग आनंदनगरचे एक काका सकाळी नऊला गाडी घेऊन आले. काळी गाडी, दोनदा शाम्पूने धुतलेली, मध्ये एक पाऊस झालेला. त्यांनी ती मुद्दाम दुकानासमोर उन्हात लावली. बोनेटवर सूर्याभोवती गोल गोल रेघा, जशा आल्या होत्या तशाच. एकही कमी नाही. काका ओरडले नाहीत. बोनेटवर बोट ठेवून एवढंच म्हणाले, ‘अहो, मी तुमच्याकडे तीन वर्षं येतोय.’ मी तिथेच 2,499 परत केले.

त्या कॅनमध्ये कापणारं काही नव्हतंच. तेल आणि रेघा बुजवणारं फिलर. खरं पॉलिश क्लिअर कोटचा, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक लेपाचा, अगदी पातळ, एक-दोन मायक्रॉनचा थर घासून रेघेच्या कडा सपाट करतं. हे नुसतं रेघेत बसतं, उजेड विखुरत नाही, म्हणून गाडी चमकते. शाम्पू लागला की निघून जातं. वर त्यात सिलिकॉन. एका गिऱ्हाइकाने नंतर बंपर रंगवायला टाकला, तर नव्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडले आणि पेंटर मला शिव्या घालून गेला. त्याचं चुकलं नाही.

पाच जणांना पैसे परत दिले, तीन लहान, दोन मोठ्या, 10,995. आधीचे 55,100 धरून 66,095. चार गाड्या स्वतःच्या कंपाउंडने फुकट करून दिल्या, ती मजुरी मी धरलेली नाही. मशीनचं बेअरिंग विसाव्या दिवशी गेलं. स्टिकर खरवडला तर खाली दुसरंच नाव.

आता पुढचं. चौकीत गेलो. दोन तास बसवलं. ‘माल मिळाला ना तुम्हाला? मग फसवणूक कसली, हा दिवाणी मामला आहे.’ मी म्हटलं, साहेब, पॉलिश म्हणून तेल विकणं ही फसवणूक नाही तर काय? भारतीय न्याय संहितेचं कलम 318 दाखवलं, तर म्हणाले, ‘तुम्ही वकील आहात का?’ मग बिलावरचा पत्ता बघून, ‘हे आमच्या हद्दीत नाही, तिकडे जा.’ तिकडे 27 किलोमीटर गेलो, तर ‘व्यवहार तुमच्या दुकानात झाला, तिकडेच द्या.’ नव्या कायद्यात, बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम 173 मध्ये, हद्द कुठलीही असली तरी माहिती नोंदवता येते हे स्पष्ट लिहिलेलं आहे. प्रिंटआउट घेऊन परत गेलो तेव्हा फक्त अर्ज ठेवून घेतला. पोच 12 दिवसांनी दिली, तीही मी रोज उभा राहिलो म्हणून. त्या 12 दिवसांचा बुडालेला धंदा कोण देणार?

ग्राहकांच्या हेल्पलाइनवरच्या मुलीने ‘कमर्शियल वापर’ म्हणून फोन ठेवला. त्याच ग्राहक कायद्याच्या स्पष्टीकरणात लिहिलंय की स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू कमर्शियल धरत नाहीत. एक-दोन मदतनीस असले तरी ग्राहकपण जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये सांगितलंय. हे मला रात्री दोन वाजता मोबाइलवर शोधावं लागलं. तिचं कामच ते आहे, तिला माहीत नको? जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करता येतो. मी केलाय.

बिलावरचा जीएसटी नंबर 24 ने सुरू होत होता. 24 गुजरातचा, महाराष्ट्राचा 27. पत्ता मात्र आपल्या एमआयडीसीतला. मी जीएसटीत नाही, म्हणून नंबरकडे पाहिलंच नाही. नंतर पोर्टलवर टाकला तर नोंदणी रद्द झालेली. एक मिनिट लागतं, टाकून बघा.

पैसे गेल्याचं लक्षात आलं तर त्याच तासात 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मी पाच आठवड्यांनी केला, तोवर खात्यात काही उरलं नव्हतं.

नऱ्ह्याच्या मित्राला मी फोनवर एवढंच सांगितलं, आयपीए मार आणि पूस, तो काहीही बोलला तरी. त्याने फोन चालू ठेवूनच पुसलं. मला पलीकडून आवाज आला, ‘दादा, आत्ता नका हो पुसू,’ आणि मग मित्र म्हणाला, ‘आलं रे जाळं परत.’ मी गाडी काढून निघालो. पोचलो तोवर तो पसार झाला होता, कॅन मात्र तिथेच राहिला होता. तो आता माझ्या दुकानात आहे, आयोगात दाखवायला.