ओम्नीचं हेड गॅस्केट आणि उद्यमनगरातलं गॅरेज : काम एक नंबर, फोन उचलायचं नाव नाही

कोल्हापुरात कुणाकडं मारुतीची जुनी ओम्नी, एटहंड्रेड असलं काय असेल आणि गाडी गुपचूप पाणी पीत असेल, म्हणजे खाली थेंब गळत नाही पण रेडिएटरच्या पाण्याची बाटली सारखी रिकामी, तर सरळ उद्यमनगरात जावा. लेथवाल्यांच्या गल्लीत पत्र्याच्या शेडमध्ये बापलेक मिळून गॅरेज चालवतात, बोर्ड-बिर्ड काही नाही, ओम्नीवाले मामा कुठं असं विचारलं की कुणीही दाखवतं. आमच्या काकांची केटरिंगची ओम्नी, 2009 चं मॉडेल, पंधरा वर्षं झाली म्हणून पासिंग पण नुकतंच रिन्यू केलेलं, तिचं हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं झाकण म्हणजे हेड, यांच्या मधलं पातळ पॅकिंग) इथं बदललं आणि काम बघून लिहावंसं वाटलं.

आधी गाडी दुसऱ्या एका गॅरेजात होती, नाव राहू दे. तिथं रेडिएटरची कॅप बदलली, मग होज बदलला, मग इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडं सोडत नाही ती झडप, म्हणजे थर्मोस्टॅटच, काढून फेकला (म्हणे आपल्याकडं काय बर्फ पडतोय व्हय), आणि शेवटी रेडिएटरमध्ये हळद टाकली. हो, फोडणीतली हळद. बारीक गळती हळदीनं तात्पुरती बुजते हे खरंय, घाटात अडकलेले ड्रायव्हर करतात, पण इथं गळतीच नव्हती तर हळद बुजवणार काय? काकांनी गॅस्केटचं विचारलं तर डिपस्टिक, म्हणजे ऑईल बघायची पट्टी, काढून दाखवली, बघा ऑईल काळंभोर आहे, दुधी झालेलं नाही, म्हणजे गॅस्केट ओके. हे वाक्य मी किती मेकॅनिकच्या तोंडून ऐकलंय, आणि ते अर्धंच खरं आहे. गॅस्केट कुठनं फुटलंय त्यावर सगळं असतं. ऑईलची वाट आणि पाण्याची वाट एक झाली तर ऑईल दुधी होतं, पण सिलिंडर आणि पाण्याच्या वाटेच्या मधे फुटलं तर ऑईलचा संबंधच येत नाही, जळलेला गॅस पाण्यात घुसतो आणि पाण्याला बाटलीतनं बाहेर ढकलतो, थोडं पाणी सिलिंडरमध्ये जाऊन सायलेन्सरमधनं पांढरा धूर होऊन निघतं. आणि उलटं पण असतं, पावसाळ्यात जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत ऑईलच्या झाकणाखाली पिवळट साय धरते, ती बऱ्याचदा नुसती साठलेली वाफ असते. पाणी कमी होत नसेल आणि डिपस्टिकवर ऑईल स्वच्छ असेल तर लगेच हेड उघडायला देऊ नका.

तर मामांनी कॅप काढली, आत पिवळा चिखल. म्हणाले, "पावणं, हळद लागलीय की गाडीला, अक्षता कधी?" काका हसले नाहीत.

मला आवडलं ते हे की पान्याला हात लावायच्या आधी रोग पक्का केला. गाडी रात्रभर तिथंच ठेवायला लावली, सकाळी इंजिन एकदम थंड पाहिजे म्हणून. कॅप काढून काठोकाठ पाणी भरलं, स्टार्टर मारला, आणि बुडबुडे यायला लागले, सुरुवातीला हवा अडकलेली असते तिचे येतात आणि थांबतात, हे थांबेचनात, रेस केली की जास्त. मग बंद करून कॅप लावली, परत चालू केली आणि मामांनी वरचा होज मुठीत धरला. मला पण धरायला लावला. पाणी अजून गार होतं आणि होज टणक झालेला. गरम होऊन प्रेशर येतं ते वेगळं, गार पाण्यात इतकं प्रेशर कुठनं येणार, सिलिंडरमधनंच ना.

मुलानं डिप्लोमा केलाय, त्याचं बोटांवर समाधान नाही. त्यानं निळ्या औषधाची काचेची नळी रेडिएटरच्या तोंडावर लावली आणि आतली हवा त्या औषधातनं ओढली. जळलेल्या गॅसमधला कार्बन डायऑक्साइड लागला की निळं औषध पिवळं होतं. झालं. मामा म्हणाले, "मी मगाशीच सांगितलं न्हवं," मुलगा म्हणाला, "आप्पा, गिऱ्हाइकाला दिसाय पायजे." दोघंही बरोबर.

मग तिन्ही प्लग काढून पेपरवर ओळीनं मांडले. दोन तांबूस, जसे असायला पाहिजेत तसे, आणि तिसरा धुऊन काढल्यागत पांढरा स्वच्छ. ज्या सिलिंडरमध्ये पाणी जातं त्याचा प्लग वाफेनं धुतला जातो, कुठल्याही मशीनशिवाय कळतं. सिलिंडरमधला दाब मोजायचं कॉम्प्रेशन गेज लावलं तर दोन सिलिंडरला 12 किलोच्या आसपास आणि तिसऱ्याला 8 च्या वर काटा जाईना. त्यात चमचाभर ऑईल सोडून परत बघितलं, काटा तिथंच. रिंगा गेलेल्या असत्या तर ऑईलनं वाढला असता.

ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळं सीट काढून काम. हेड उचललं तेव्हा तिसऱ्या सिलिंडरच्या पत्र्याच्या रिंगेपासून पाण्याच्या भोकापर्यंत गॅस्केटवर बोटभर काळी जळकी रेघ होती. हेड त्याच गल्लीतल्या फेसिंगवाल्याकडं, म्हणजे हेडचा तळ घासून सपाट करून देणाऱ्याकडं, नेलं, मी मागं मागं. त्यानं पोलादी पट्टी तिरपी ठेवून खालनं फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) सरकवला, 0.15 मिमीचं पातं आरामात गेलं, चालतं साधारण 0.05 पर्यंत. जुन्या गाड्यांत बहुतेक हेड अल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा, आणि अल्युमिनियम तापलं की बिडाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं, त्यामुळं गाडी एकदा सणसणीत तापली की हेड वाकतं. अशा हेडवर नुसतं नवं गॅस्केट टाकून बंद करणारे लई आहेत, आणि मग महिन्या-दोन महिन्यात तेच. फेसिंगच्या आधी हेडच्या पाण्याच्या वाटा बंद करून आत हवा भरून पाण्यात बुडवलं, क्रॅक आहे का बघायला. नव्हता, वाचलो. फेसिंग पण पट्टी सपाट बसण्यापुरतंच, जास्त घासलं की कॉम्प्रेशन वाढून इंजिन नॉक करायला लागतं.

बसवताना एक गोष्ट बघितली जी आधी कुठं बघितली नव्हती. ब्लॉकमधल्या बोल्टच्या प्रत्येक भोकात हवा मारून मुलानं आतलं पाणी आणि घाण उडवली. भोकात पाणी राहिलं तर बोल्ट त्या पाण्यावरच दाबला जातो, आवळल्यासारखा वाटतो पण हेड धरतच नाही, वाईट असेल तर ब्लॉकलाच तडा. मग टॉर्क रेंचनं मधल्या बोल्टपासून बाहेर बाहेर, थोडं थोडं करत फेऱ्यांमध्ये आवळलं. टायमिंग बेल्ट कामासाठी काढलेलाच होता म्हणून नवा टाकला, व्हॉल्व लॅपिंग केलं (व्हॉल्व घासून जागेवर घट्ट बसवले), हळद लागलेला रेडिएटर साफ करून घेतला.

आणि मुख्य मुद्दा, गॅस्केट उडालं कशानं? हे आधीच्या गॅरेजात कुणी विचारलंच नव्हतं. इथं गाडी चालू करून फॅनची वाट बघत बसले, काटा वर चालला तरी फॅन गप्प. मामांनी पान्याच्या मुठीनं फॅनच्या मोटरला हळूच टकटक केलं, फिरायला लागला. कार्बन ब्रश झिजलेले, मनात आलं तर फिरणार नाहीतर नाही. ब्रश टाकले, फेकलेल्या थर्मोस्टॅटच्या जागी नवा बसवला (तो नसला की गाडी हायवेला गारच राहते आणि पेट्रोल जास्त पिते), रेडिएटरची कॅप 0.9 प्रेशरची ओरिजिनल, साध्या पाण्याऐवजी कूलंट. हवा काढायलाच बराच वेळ गेला कारण ओम्नीत रेडिएटर पुढं आणि इंजिन मागं, मधे लांबच्या लांब पाइप.

सगळं मिळून साडेसात हजारांच्या आसपास गेले, फेसिंग, ऑईल, कूलंट धरून. स्वस्त नाही म्हणणार, पण काढलेला प्रत्येक पार्ट पिशवीत घालून परत दिला. तक्रारी आहेत. फोन उचलत नाहीत, म्हणजे उचलतच नाहीत. उद्या देतो म्हटलं की परवा धरा. बिल वहीच्या कागदावर, त्यामुळं धंद्याच्या हिशोबाला लावायचं असेल तर आधीच बोलून घ्या, काकांनी नंतर मागितलं तर मामांनी तोच कागद परत दिला सही करून.

त्यानंतर गाडी पातेली भरून गगनबावड्याहून करूळ घाट उतरून परत चढून आली, काटा मधेच. जाणार असाल तर आदल्या संध्याकाळी गाडी सोडून या, तापलेली असेल तर चालवत नेऊ नका, टो करा. गरम गाडी घेऊन सकाळी गेलात तर थंड होईपर्यंत बसवून ठेवतात, आणि बसायला तिथं एका भंगार ओम्नीचं सीट आहे, त्यावर बहुतेक कुणीतरी आधीच बसलेलं असतं.