शिबिरातल्या पोरांना कुठे न्यायचं: नरनाळा की गाविलगड?

हिवाळी शिबिराला जंगलातली एक दिवसाची पायपीट जोडायची म्हटलं, की अकोला-अमरावतीकडे ही दोन नावं आधी निघतात. दोन्ही किल्ले सातपुड्यातले, मेळघाटच्या सागवानी रानातले. पण नरनाळा पायथ्यापासून चढून गाठायचा असतो, तर गाविलगडाच्या जवळपास गाडीच नेऊन सोडते. अर्धा निर्णय इथेच होतो.

गाविलगड बारा-तेरा वर्षांच्या, पहिल्यांदाच रानात चालणाऱ्या पोरांसाठी बरा. किल्ल्याला लागून असलेलं चिखलदराच सुमारे १,१०० मीटरवर असल्यामुळे मोठी चढण उरत नाही. त्रास होतो तो परतवाड्याहून वर येणाऱ्या वळणांचा, पोरं ओकतात. नाश्ता घाटाखाली न देता वर पोचल्यावर द्या, थोडं बसू द्या, मगच चाला. किल्ल्यात खरा धोका गवताचा आहे. पावसाळ्यानंतर ते इतकं माजतं की ढासळलेले चिरे आणि पाण्याच्या टाक्यांच्या कडा दिसतच नाहीत. वाटाड्यामागे एक रांग, आणि तटावर चढायला साफ बंदी. १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रजांनी उत्तरेकडची तटबंदी तोफांनी फोडून हा किल्ला घेतला. ती बाजू दाखवा, पोरांना लढाई आपोआप कळते.

नरनाळ्याला अकोटहून पायथ्याच्या शहानूर गावी यायचं. वर गाडीरस्ता आहे, पण शिबिराला पायवाटच हवी. पोरांच्या चालीने चढायला दोन-अडीच तास धरा. वाटेत दरवाजे लागतात. त्यातला १४८७ सालचा महाकाली दरवाजा, त्यावरच्या कोरीव अक्षरांसाठी, थांबून पाहण्याजोगा. पोरं दमतात ती मात्र चढताना नाही, उतरताना. सुकलेला सागाचा पाला मुरुमावर घसरतो, बोटं बुटाच्या टोकाला आपटतात आणि नखं काळी पडतात. आदल्या रात्री नखं कापायला लावा, उतरण्याआधी नाड्या घोट्याजवळ घट्ट बांधून घ्या. नवे बूट त्या दिवशी नकोतच.

पाण्याचा हिशेब नरनाळ्याला कडक ठेवावा लागतो: माणशी तीन लिटर खालूनच भरून न्या. किल्ल्यावर शक्कर तलाव आहे, पण ते पाणी पिण्यासाठी धरू नका. गाविलगडाला दोन लिटर पुरतात. दोन्हीकडे ओआरएस ठेवा. एक पुडी बरोबर एक लिटर पाण्यात. पुडी अर्ध्या बाटलीत घोळली तर ते जास्त तीव्र होतं आणि पोटाला उलट त्रास देतं.

आमचा कल असा: पंधराच्या पुढची, रोज खेळणारी पोरं असतील तर डिसेंबर-जानेवारीत नरनाळा घ्या. शिबिरात लहान-मोठे मिसळून असतील, किंवा आठ पोरांमागे एक मोठा माणूस जमत नसेल, तर गाविलगड. मार्चनंतर दोन्ही टाळा: ऊन तर असतंच, शिवाय मोहफुलं पडायला लागली की पहाटे अस्वलं त्याच झाडांखाली येतात.

परवानगी दोन्हीकडे वनखात्याकडून आधीच काढा. वेळा आणि सुट्टीचा दिवस त्याच फोनवर विचारून घ्या. वाटाड्या गावातलाच घ्या. इथल्या कोरकू आदिवासी वाटाड्याला कोणत्या कड्यावर आग्या मोहोळ बसलंय ते ठाऊक असतं. त्याने बोट दाखवलं की धूर, दगड, अत्तर आणि आरडाओरडा बंद. माश्या उठल्याच तर चेहरा झाकून लांब पळायचं, हात हलवायचे नाहीत.

खाजकुइलीच्या सोनेरी लव असलेल्या शेंगा हिवाळ्यात वाळतात आणि वाटेवर लोंबतात. अंगाला लागली तर चोळू नका. चिकटपट्टी लावून लव उपटा, मग पाण्याने धुवा. साप चावला तर दोरी बांधणं किंवा कापणं करू नका. पाय न हलवता उचलून थेट दवाखान्यात न्या. म्हणून एक गाडी पायथ्याशी, चालकासह, दिवसभर उभी राहिलीच पाहिजे.