वरळीच्या डोममधली विजेंदरची लढत: नीट बघाल तर पैसे वसूल

५ ऑगस्ट २०१७, एनएससीआय डोम. बॉक्सर विजेंदर सिंगकडे २०१६ मध्ये केरी होपला हरवून मिळवलेला डब्ल्यूबीओ (जागतिक बॉक्सिंग संघटना) एशिया पॅसिफिक विजेतेपदाचा पट्टा होता, चीनच्या झुल्पिकार मैमैतिअलीकडे त्याच संघटनेचा ओरिएंटल विजेतेपदाचा. वजनगट एकच, सुपर मिडलवेट, म्हणजे ७६.२ किलोपर्यंत. दोघांनीही आपापला पट्टा पणाला लावला, म्हणून जिंकणाऱ्याला दोन्ही.

लढत १० फेऱ्यांची, फेरी ३ मिनिटांची. बाद कोणीच झालं नाही. निकाल तीन पंचांच्या गुणांवर, विजेंदरच्या बाजूने: ९६-९३, ९५-९४, ९५-९४. खरी मेख इथेच आहे. प्रत्येक फेरीत जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९, म्हणजे दोघांच्या गुणांची १० फेऱ्यांची बेरीज १९० व्हायला हवी; इथे ती १८९ भरते. कमरेखाली ठोसे मारल्याबद्दल झुल्पिकारचा एक गुण कापला गेला होता. तो कापला नसता तर दोन पंचांकडे ९५-९५ झालं असतं आणि लढत बरोबरीत सुटली असती! इतकी अटीतटीची लढत मुंबईत बघायला मिळाली, हे आपलं भाग्यच.

चित्रण बघताना हातांपेक्षा पाय बघा. झुल्पिकार डावखुरा, विजेंदर उजवा, त्यामुळे दोघांचे पुढचे पाय एकमेकांना अडतात. ज्याचा पाय बाहेरच्या बाजूला पडतो, त्याचा मागचा हात सरळ आत शिरतो. आत अडकलेल्याचा ठोसा खांद्यावर वाया जातो.

अखिल कुमार आणि जितेंदर कुमार या बॉक्सरांचं व्यावसायिक पदार्पणही त्याच रात्री झालं. पण वेळ कमी असेल तर मुख्य लढतच बघा, आणि प्रत्येक फेरीचे गुण स्वतः कागदावर मांडा.