फ्रिज बांधायला दोरी की रॅचेट पट्टा?

भाच्याला पिकअपमधून फ्रिज आणि लोखंडी कपाट साताऱ्याला न्यायचंय. घरात नायलॉनची दोरी आहे, मग रॅचेट पट्टा (हँडल मागेपुढे करून घट्ट आवळायचा पट्टा) कशाला विकत घ्यायचा, असं त्याला वाटतंय.

दोरी स्वस्त, पण नायलॉन ताणतं. खड्ड्यांत ती सैल पडते आणि गाठीपाशी तिची ताकद बरीच घटते. पट्टा सहसा पॉलिएस्टरचा, कमी ताणणारा. किती भार पेलेल ते लेबलवर छापलेलं असतं. लेबल नसलेला घेऊच नये. मात्र कपाटाच्या धारेवर पट्टा कापला जातो, तिथे जाड रबर हवंच. पट्ट्याला गाठ मारायची नाही, हँडलला पाइप लावून ताणायचं नाही. दोरी असो वा पट्टा, थोडं अंतर गेल्यावर थांबून तपासावं लागतं.

गाद्या, चटयांना दोरी पुरे. फ्रिज, कपाट, दुचाकीला पट्टेच, किमान दोन.